आमदारांचं पत्र आलंय: चार पानं सक्षम वस्ती, चार पानं दिल्ली, नाला एक ओळ

पूर्वउपनगरी | १३ सप्टेंबर २०२५, रात्री १०:४२

गणपती आटोपले आणि लगेच आमच्या आमदारांचं 'मतदार बंधू-भगिनींस' पत्र आलं. आधी व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ, मग पेपरात घालून छापील. आठ पानं, गुळगुळीत कागद. पक्ष मुद्दाम लिहीत नाही, लिहिला की दोन तासांत धाग्याला कुलूप लागतं. उजव्या विचारांचे आहेत एवढं पुरे. माणूस बरा आहे, फोन उचलतो, माझं मत गेल्या नोव्हेंबरात त्यांनाच होतं.

पहिली चार पानं 'सक्षम वस्ती'वर. थोडक्यात म्हणणं असं की सरकार प्रत्येक दारात पोचू शकत नाही, कुटुंब, शेजार, मंडळ, मंदिर या आपल्या जुन्या गोष्टी धडधाकट असतील तर पूर काय नि युद्ध काय, समाज उभा राहतो. म्हणून प्रत्येक सोसायटीने, चाळ कमिटीने दहा तरुणांचं पथक करावं, दोरी टॉर्च फर्स्ट एड ठेवावं, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची यादी करावी. सोबत २००५ च्या २६ जुलैच्या पुराची आठवण आणि ७ मेच्या मॉक ड्रिलचा फोटो.

उरलेली चार पानं दिल्ली. ऑपरेशन सिंदूर, एक देश एक निवडणूक, तीस दिवस कोठडीत राहिलेल्या मंत्र्याचं पद जाणार ते विधेयक, २२ तारखेपासूनची जीएसटी कपात, आणि आपले राज्यपाल उपराष्ट्रपती झाले त्याचं अभिनंदन.

आमच्या मागच्या नाल्याला एक ओळ. टेकडीच्या संरक्षक भिंतीला एक शब्द, 'प्रस्तावित'.

तर प्रश्न असा, की आमदाराने मतदाराला लिहायचं तर काय लिहावं? देशाचं राजकारण त्यात असावं का? २१ तारखेला रविवारी साहेब आमच्या सोसायटीत येणारेत, तेव्हा काहीतरी नीट विचारावं म्हणतोय.

टपरीवाला | १३ सप्टेंबर, १०:५१

आठ पानं गुळगुळीत म्हणजे वडापाव बांधायला पण उपयोगाची नाहीत, तेल शोषत नाही तो कागद. निषेध.

चाळकरी | १३ सप्टेंबर, ११:०५

एक देश एक निवडणूक राहू द्या हो, आधी एक मुंबई एक निवडणूक तरी घ्या. ७ मार्च २०२२ ला महापालिकेची मुदत संपली, तेव्हापासून २२७ पैकी एक नगरसेवक नाही. नाला तुंबला की फोन कोणाला करायचा? म्हणून सगळे आमदाराच्या मागे लागतात आणि आमदार दिल्लीच्या गोष्टी सांगतात.

झणझणीत | १३ सप्टेंबर, ११:०९

+१०० चाळकरी. हे स्टेटसला ठेवतोय.

उजवीकडून_चाला | १४ सप्टेंबर, सकाळी ७:३०

मला त्या पत्रात वावगं काही दिसत नाही, उलट पहिली चार पानं कोणीतरी लिहायलाच हवी होती. २६ जुलैला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिमी पडला तेव्हा एनडीआरएफ नावाची गोष्टच नव्हती, ती २००६ ला उभी राहिली. फोन बंद, लोकल बंद. माणसं वाचली ती चाळीतल्या लोकांनी दोरखंड धरून रस्त्याच्या पलीकडे नेली म्हणून, अनोळखी बायकांना घरात झोपायला जागा दिली म्हणून. आमच्या गल्लीत भजनी मंडळाच्या खोलीत रात्रभर खिचडी शिजत होती, पलीकडे दर्ग्यात चहा. कोणी कोणाला ऑर्डर दिली नव्हती. पहिला तासदोन तास शेजारीच असतो, सरकार कुठल्याही पक्षाचं असो ते नंतरच येतं. हे सांगितलं तर लगेच "जबाबदारी झटकली" का म्हणायचं? आपल्याकडे मंडळं आहेत, जनरेटर आहेत, लाउडस्पीकर आहेत, दहा दिवस रात्र जागणारी पोरं आहेत. फक्त दहा दिवसांनी सगळं गोदामात जातं.

दिल्लीची चार पानं जास्त झाली हे मान्य. पण विचाराने निवडून दिलेला माणूस विचार सांगणारच ना.

लोअरपरेलची_सून | १४ सप्टेंबर, ९:१५

उजवीकडून_चाला, खिचडीबद्दल वाद नाही. वाद पुढे आहे. दरवर्षी आम्ही खिचडी शिजवायची, दोरी धरायची, आणि दुसऱ्या दिवशी टीव्हीवर मुंबई स्पिरिटला सलाम. असं कौतुक झालं की मला भीतीच वाटते, कारण कौतुक झालं की काम थांबतं. २०१७ च्या २९ ऑगस्टला आमच्या भागात एक नामवंत डॉक्टर चालत घरी जाताना उघड्या मॅनहोलमध्ये गेले. मॅनहोलचं झाकण उघडलं होतं ते पाणी उतरावं म्हणून, म्हणजे चांगल्या हेतूनेच. तिथे बांबू धरून उभा राहायला माणूस कोणी नेमायचा, शेजाऱ्याने का यंत्रणेने? शेजार कितीही घट्ट असला तरी झाकणाखाली जाळी तो नाही बसवू शकत.

आणि ती एकट्या म्हाताऱ्यांची यादी. कोविडमध्ये आमच्या बिल्डिंगमध्ये ती यादी, औषधं, डबे कोणी केले? बायकांनीच. पथकात 'तरुण' लिहिलंय ना पत्रात, फोटो त्यांचे येतील बघा.

पूर्वउपनगरी | १४ सप्टेंबर, ९:४०

@लोअरपरेलची_सून, बरोब्बर. फोटोत चौदा पुरुष आणि ओवाळायला एक ताई.

सीडी_वॉर्डन | १४ सप्टेंबर, ११:२०

मी नागरी संरक्षण दलात स्वयंसेवक आहे म्हणून जरा लांब लिहितो. पथक करा ही सूचना चांगलीये पण अर्धी आहे. दोरी आणि टॉर्च घेऊन दहा पोरं उभी केली म्हणजे पथक होत नाही. वाहत्या पाण्यात उतरायचं नाही हे आधी शिकवावं लागतं, बहुतेक वेळा वाचवायला गेलेलाच अडकतो. मीटर रूम तळमजल्यावर असेल तर मेन स्विच कोण बंद करणार, त्याच्याकडे चावी आहे का, तो गावाला गेला तर दुसरा कोण, हे ठरवायला हवं. लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन बंद करायची. गाडीत अडकलो आणि पाणी वाढतंय असं दिसलं की गाडीचा मोह सोडून काच खाली करून बाहेर, २००५ ला गाड्यांत गुदमरून माणसं गेली ती सेंट्रल लॉक आणि काचा बंद पडल्यामुळे.

७ मेच्या ड्रिलमध्ये भोंगे वाजले, लोकांनी रील काढल्या. चालायचंच. पण भोंगा वाजल्यावर काय करायचं हे सोसायटीच्या नोटीस बोर्डावर आजही नाही. आपदा मित्र म्हणून केंद्राची ट्रेनिंगची योजना आहे, साहेबांना विचारा आपल्या मतदारसंघातून किती जण पाठवले. १९१६ हा महापालिकेचा आपत्कालीन नंबर पत्रात कुठे आहे का?

पूर्वउपनगरी | १४ सप्टेंबर, ११:३१

आत्ता पुन्हा बघितलं. नाही. जनसंपर्क कार्यालयाचा नंबर मात्र प्रत्येक पानाखाली आहे.

अवांतर_अण्णा | १४ सप्टेंबर, ११:५८

अवांतर: ७ मेला भोंगा वाजला तेव्हा आमच्या ऑफिसातले सगळे जेवायला गेले. जुन्या गिरणी कामगाराचा मुलगा आहे मी, भोंगा म्हणजे सुट्टी हे रक्तात आहे.

भरतीओहोटी | १४ सप्टेंबर, दुपारी २:१०

नाल्याला एक ओळ का मिळाली यावर लिहितो, कारण मला वाटतं पत्रातली दिल्ली आणि तुमचा नाला हे दोन वेगळे विषय नाहीयेत, साहेबांनी चुकीची दिल्ली निवडली एवढंच.

आपली जुनी गटारं ताशी २५ मिमी पाऊस वाहून नेतील अशी होती, तेही ओहोटी असेल तर. १९८५ च्या पुरानंतर अभ्यास झाला, १९९३ ला ब्रिमस्टोवॅड अहवाल आला, क्षमता ताशी ५० मिमी करा, समुद्राच्या तोंडाशी उदंचन केंद्रं म्हणजे पंपिंग स्टेशनं बांधा असं त्यात होतं. तो अहवाल कपाटात राहिला. मग २००५ झालं, चितळे समिती बसली, २००७ ला केंद्राने १२०० कोटी मंजूर केले. आठ पंपिंग स्टेशन ठरली होती. हाजीअली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया, गझदरबंध अशी सहा झाली. मोगरा आणि माहुल राहिली. भरती साडेचार मीटरच्या वर असली की दरवाजे बंद करायचे, नाहीतर समुद्रच आत येतो, आणि दरवाजे बंद असताना पंप नसेल तर पावसाचं पाणी जाणार कुठे? चेंबूर, कुर्ला, सायनच्या लोकांना माहितीये कुठे जातं.

माहुलचं घोडं अडलं जागेवर. ती मिठागराची जमीन, आणि मिठागरं म्हणजे केंद्राचे मीठ आयुक्त. रेल्वे रुळांखालचे कल्व्हर्ट, म्हणजे पाणी जायच्या मोऱ्या, ते रेल्वेचे, म्हणजे परत दिल्ली. २०२४ ला केंद्राने कांजूरमार्ग, भांडुप, मुलुंडकडची मिळून सुमारे २५६ एकर मिठागरं धारावीच्या पुनर्वसनाच्या घरांसाठी द्यायला मंजुरी दिली. त्या मोकळ्या जमिनीवर पावसाचं आणि भरतीचं पाणी पसरतं, तिथे इमारती आल्यावर ते पूर्व उपनगरात कुठे वळणार? घरं हवीत का नकोत हा वेगळा वाद. पण पूर्व उपनगरातल्या आमदाराने राष्ट्रीय राजकारणावर चार पानं लिहायची आणि त्यात मिठागर हा शब्द नाही, हे मला खटकतं.

चाळकरी | १४ सप्टेंबर, २:२५

दंडवत घ्या.

टपरीवाला | १४ सप्टेंबर, २:३३

म्हणजे नाला मुंबईचा, रूळ दिल्लीचे, मीठ दिल्लीचं, पाणी फक्त आपलं.

झणझणीत | १४ सप्टेंबर, ३:०२

आणि गाळ? गाळ कोणाचा ते तर आर्थिक गुन्हे शाखा शोधतेय. मिठी नदीच्या गाळ उपशात ६५ कोटींच्या घोटाळ्याचा गुन्हा मे महिन्यात दाखल झाला ना. तुमच्या सक्षम वस्तीने दहा पोरं आणि दोरी घेऊन कागदावरचा गाळ काढायचा का? हे उजव्या लोकांचं नेहमीचं, खाजगीकरण नफ्याचं आणि सेवाभाव गरिबाचा.

उजवीकडून_चाला | १४ सप्टेंबर, ३:२०

झणझणीत, वीस वर्षं गाळ कोणाच्या काळात निघत होता आणि महापालिका कोणाकडे होती हे पण लिहा की.

झणझणीत | १४ सप्टेंबर, ३:२२

त्यातली बरीच वर्षं तुम्हीच मांडीला मांडी लावून बसला होतात.

उजवीकडून_चाला | १४ सप्टेंबर, ३:२३

मी? मी तेव्हा कॉलेजात होतो.

संपादक मंडळ | १४ सप्टेंबर, ४:००

पुढचे अकरा प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत. कोण कोणाच्या मांडीवर होतं यासाठी दोन धागे आधीच वाहते आहेत. इथे आमदाराचं पत्र.

निवृत्त_बाबू | १४ सप्टेंबर, सायं. ६:४५

मंत्रालयात आयुष्य गेलं म्हणून थोडं. आमदाराने देशाच्या राजकारणावर लिहूच नये असं म्हणणाऱ्यांना सांगतो, त्याचा संबंध असतो. राष्ट्रपती निवडणुकीत महाराष्ट्राच्या एका आमदाराच्या मताचं मूल्य १७५ आहे. राज्यसभेचे खासदार आमदारच निवडून देतात. जीएसटीची घटनादुरुस्ती विधानसभांकडे मंजुरीला आली होती, आपल्या विधानमंडळाने २०१६ च्या ऑगस्टात ती दिली. जीएसटी परिषदेत राज्याच्या मंत्र्याचं मत असतं, दोन तृतीयांश वजन राज्यांचं. तेव्हा कपातीवर लिहिलं तर गैर नाही, फक्त त्याने राज्याच्या तिजोरीत किती कमी येणार आणि ती तूट कुठल्या कामाला कात्री लावून भरणार, तेही लिहावं. उपराष्ट्रपतींना मात्र फक्त खासदार मत देतात, तिथे आपले आमदार तुमच्याआमच्याइतकेच प्रेक्षक होते.

खरी उणीव दुसरी आहे. पावसाळी अधिवेशन ३० जून ते १८ जुलै झालं. त्यात साहेबांनी तारांकित प्रश्न किती विचारले, लक्षवेधी कुठली लावली, जनसुरक्षा विधेयक १० जुलैला विधानसभेत मंजूर झालं त्यावर बोलले का, यावर आठ पानांत काय आहे? आमदाराचं मूळ काम ते. बाकी नळ, नाला, गटार हे नगरसेवकाचं, जो सध्या नाही हे चाळकरींचं म्हणणं खरं. दुसरं, आमदार निधी वर्षाला पाच कोटी. उपनगर जिल्ह्याचा हिशोब वांद्र्याला जिल्हाधिकारी कार्यालयात असतो, कुठल्या कामाला किती, माहिती अधिकारात मिळतो.

पूर्वउपनगरी | १४ सप्टेंबर, ७:१०

अधिवेशनाबद्दल एक वाक्य आहे काका. "सभागृहात सातत्याने आवाज उठवला."

निवृत्त_बाबू | १४ सप्टेंबर, ७:१८

माईक चालू होता का ते विचारा.

पार्कसाइट | १४ सप्टेंबर, रात्री ९:३०

सगळे नाल्यावर लिहितायत, टेकडीवर कोणी नाही म्हणून लिहिते. २०२१ च्या जुलैत एका रात्रीत चेंबूरला भारतनगरात आणि विक्रोळीला सूर्यनगरात घरं गेली. आत्ता ऑगस्टात आमच्या पार्कसाइटला दरड पडून एकाच घरातले दोघं गेले. दरवर्षी मे महिन्यात धोकादायक म्हणून नोटीस येते, सुरक्षित ठिकाणी जा म्हणून. कुठे जा ते लिहिलेलं नसतं. पोरांची शाळा इथे, धुण्याभांड्याची कामं खालच्या टॉवरांत, जाणार कुठे.

सक्षम वस्तीचं म्हणाल तर आम्ही आहोतच सक्षम. मोठा पाऊस लागला की वरच्या ओळीतली बायकापोरं रात्री खालच्या ओळीत झोपायला येतात, कोणाकडे कोण झोपणार हे ठरलेलं आहे, पत्र यायच्या कितीतरी आधीपासून. पाणी मातीच्या रंगाचं यायला लागलं की थाळी वाजवायची. यात दर्गा मंदिर उजवं डावं काही नाही. पण भिंत आम्ही नाही बांधू शकत. ती म्हाडाचं झोपडपट्टी सुधार मंडळ बांधतं आणि आमदार निधीतून पण होते. 'प्रस्तावित' म्हणजे काय ते त्यांना विचारा हो. अंदाजपत्रक झालंय, का टेंडर निघालंय, का नुसतं पत्रात लिहिलंय?

लोअरपरेलची_सून | १४ सप्टेंबर, ९:४८

पार्कसाइट, तुमचं वाचल्यावर माझं मघाचं थोडं बदलून सांगते. पथकं नकोत असं नाही. तुमच्याकडे आहेत त्यांना आधी विचारा, मग पत्र लिहा.

ठाणेकर_नोकरी_फोर्ट | १५ सप्टेंबर, सकाळी ८:५५

लोकलमधून लिहितोय. १९ ऑगस्टला सीएसएमटी-ठाणे बंद झाली, हार्बर बंद, मोनोरेल चेंबूरकडे अधांतरी लटकली आणि पाचशेच्या वर लोकांना शिड्या लावून उतरवलं. मी दादरला अडकलो. एका गणेश मंडळाच्या मांडवात बसलो होतो, बिस्किटं पाणी चार्जिंग सगळं दिलं पोरांनी, पोरं भारीच. पण त्याच मांडवावर बॅनर केवढा, आणि त्यावर चेहरे चौदा. बाप्पा कुठेय ते शोधावं लागलं.

अवांतर_अण्णा | १५ सप्टेंबर, ९:१०

मे महिन्यात आचार्य अत्रे चौकाचं भुयारी मेट्रो स्टेशन उद्घाटन होऊन महिना व्हायच्या आत पाण्याखाली गेलं. अत्रे असते तर दहा हजार वर्षांत असं स्टेशन झालं नाही म्हणाले असते.

उजवीकडून_चाला | १५ सप्टेंबर, रात्री १०:०५

पार्कसाइट ताईंचा प्रतिसाद दोनदा वाचला. मी जे शेजाराबद्दल म्हणत होतो ते त्या करतातच, आणि भिंत हे सरकारचंच काम, त्यात उजवा विचार आड येत नाही. आमच्या विचारात सुद्धा राज्याने जी मोजकी कामं करायची ती चोख करावीत असंच आहे. साहेब माझ्या ओळखीतले निघाले तर मीच विचारीन. मतदारसंघ कुठला ते सांगता का व्यनित (व्यक्तिगत निरोपात)?

टपरीवाला | १५ सप्टेंबर, १०:११

मुंबईत आमदार ३६, त्यातले उजवे वेगळे काढा, त्यातले फोन उचलणारे वेगळे काढा, उत्तर हातात येईल.

चाळकरी | १६ सप्टेंबर, संध्या. ७:२०

घ्या. सुप्रीम कोर्टाने आज पालिका निवडणुकांना ३१ जानेवारी २०२६ पर्यंत मुदत दिली. मे महिन्यात चार महिन्यांत उरका म्हणाले होते. आता चार महिने बघा, कोपऱ्याकोपऱ्यावर दहा पोरांची पथकं उभी राहतात का नाही ते. टीशर्टासकट.

सीडी_वॉर्डन | १६ सप्टेंबर, ७:४१

टीशर्ट वाटू देत, ट्रेनिंग मी देतो. निवडणुकीनंतर त्यातले तीन टिकले तरी खूप झालं.

पूर्वउपनगरी | १७ सप्टेंबर, रात्री ११:१५

सगळ्यांचे आभार. रविवारसाठी सोसायटीच्या ग्रुपवर प्रश्न टाकलेत. सेक्रेटरी म्हणाले तीनच ठेवा, साहेबांना पुढे अजून दोन ठिकाणी जायचंय. पहिला, पाच कोटींतले यंदा कुठे किती खर्च झाले ते पुढच्या पत्रात एका पानावर छापणार का. दुसरा, मिठागरं आणि रेल्वेखालच्या कल्व्हर्टबद्दल तुम्ही दिल्लीला काही लिहिलंय का, लिहिलं असेल तर त्याची प्रत द्या. तिसरा, भिंत 'प्रस्तावित' म्हणजे नक्की कुठल्या टेबलावर. जीएसटीवर बोलू नका असं मी म्हणणार नाही, बोलू देत, आमच्याकडे विम्याचा हप्ता कमी होणार म्हणून बाबा खूश आहेत. १९१६ चा बोर्ड गेटवर लावतोय, त्याला आमदार लागत नाही.

निवृत्त_बाबू | १७ सप्टेंबर, ११:२४

प्रश्न लेखी द्या आणि पोच घ्या.

पार्कसाइट | १७ सप्टेंबर, ११:३०

तिसरा पहिला विचारा. आमच्याकडे आले होते तेव्हा दुसऱ्या प्रश्नाला त्यांना फोन आला होता.